शोकाची वाट आणि सायकलचा प्रवास
(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात त्र्यंबकेश्वर येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



बँकेत काउंटरमागे बसून रकमा मोजणाऱ्या माणसाला व्यासपीठावर उभे करून आपण माझा सन्मान केला, त्याबद्दल मी ऋणी आहे. मी विद्वान नाही. कला शाखेचा पदवीधर आहे, वाचनाची आवड आहे आणि सायकल चालवतो. एवढ्या भांडवलावर आज शोक या विषयावर बोलणार आहे.

हा विषय मी या गावासाठी मुद्दाम निवडला. त्र्यंबकेश्वरला रोज बाहेरगावच्या गाड्या येतात आणि त्यांतली बरीच माणसे गेलेल्या माणसासाठी येतात. कुणी त्रिपिंडी करायला येतो, कुणी नारायण-नागबळी. आपण १४ ऑक्टोबर १९५६ च्या प्रतिज्ञांनी श्राद्ध आणि पिंडदान सोडले. ते योग्यच झाले. परंतु विधी सुटला म्हणून दुःख सुटत नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होतो, भोजनदान होते, आलेले पाहुणे आपापल्या गावी जातात. त्यानंतर त्या घरातल्या माणसांनी करायचे काय? या प्रश्नाचे उत्तर आपल्यापैकी प्रत्येकाला केव्हा ना केव्हा शोधावे लागते.

किसा गौतमीची कथा आपल्याला लहानपणापासून पाठ आहे. मेलेले मूल कडेवर घेऊन ती तथागतांकडे आली आणि ज्या घरात कुणी मेले नाही अशा घरची मोहरी आणायला तिला सांगण्यात आले. कथा ऐकताना आपले लक्ष मोहरीकडे जाते. माझे लक्ष अलीकडे तिच्या पायांकडे जाऊ लागले आहे. मृत्यू अटळ आहे हे तिला जागच्या जागी बसवून सांगता आले असते. तसे न करता तिला चालायला लावले. ती दारोदार गेली, प्रत्येक दारात एक प्रश्न विचारला आणि प्रत्येक घराचे दुःख ऐकले. संध्याकाळपर्यंत ती चालली तेव्हा तिला आपले मूल खाली ठेवता आले. शोकावर चालण्याचा हा उपाय इतका जुना आहे.

दुसरे उदाहरण याच गावचे आहे. श्रद्धेचा आणि चमत्काराचा भाग आपण बाजूला ठेवू. केवळ माणूस म्हणून पाहू. परंपरा सांगते की १२९६ च्या कार्तिकात आळंदीला ज्ञानेश्वर गेले. पुढच्याच महिन्यात सासवडला सोपान गेला. १२९७ च्या वैशाखात तापीकाठी मेहूणला मुक्ताबाई गेली. ज्या थोरल्या भावाने आईबापांमागे तिघांना वाढवले, त्याच्यासमोर सहा-सात महिन्यांत तिघेही गेले. आणि हा थोरला भाऊ, निवृत्तिनाथ, त्या काळात कुठे होता? वाटेवर होता. आळंदी, सासवड, पुणतांबे, नेवासे, आपेगाव, वेरूळ, मेहूण आणि शेवटी त्र्यंबक. लहानपणी ज्या ब्रह्मगिरीत त्याला गुरू भेटले होते, तिथेच तो परत आला. या गावात जशी शोकाच्या विधींची परंपरा आहे, तशीच शोक घेऊन चाललेल्या एका माणसाची वाटही येथेच येऊन संपते.

आता सायकलकडे वळतो. नाशिक आज सायकलवाल्यांचे शहर म्हणून ओळखले जाते. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या नाशिकच्या बंधूंनी २०१५ साली अमेरिका आडवी पार करणारी सायकल शर्यत जोडीने पूर्ण केली. २०१२ पासून नाशिकहून पंढरपूरला सायकल वारी जाते. परंतु शर्यत वेगळी आणि प्रवास वेगळा. शर्यतीत घड्याळाशी सामना असतो. प्रवासात आपण आपल्याबरोबर राहतो, आणि दुःखी माणसाला तेच सर्वांत कठीण असते.

आयर्लंड देशात डर्व्हला मर्फी नावाची एक लेखिका होऊन गेली. दहाव्या वाढदिवसाला तिला एक जुनी सायकल आणि एक नकाशांचे पुस्तक मिळाले आणि सायकलने हिंदुस्थानात जायचे हे तिने ठरवून टाकले. पुढे आई संधिवाताने अंथरुणाला खिळली. चौदाव्या वर्षी मुलीने शाळा सोडली आणि आईची सेवा पत्करली, ती सोळा वर्षे. १९६१ साली वडील गेले, १९६२ साली आई गेली. १९६३ च्या जानेवारीत, युरोपात कडाक्याची थंडी असताना, ती एकटी सायकलवर निघाली आणि जुलैमध्ये दिल्लीला पोचली. येथे आल्यावर तिने तिबेटी निर्वासित मुलांची सेवा केली. पुढे ती मोठी प्रवासलेखिका झाली आणि २०२२ साली नव्वदाव्या वर्षी वारली. ज्या हातांनी सोळा वर्षे आजाऱ्याची सेवा केली, ते हात एके दिवशी रिकामे झाले. रिकाम्या हातांना काहीतरी धरायला लागते. तिने सायकलची मूठ धरली.

मोठ्यांची उदाहरणे सांगून झाली. आता घरातले सांगतो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत, माझा थोरला भाऊ गेला. आम्ही त्याला दादा म्हणत असू. सातपूरच्या कारखान्यात तो कामाला होता आणि ड्यूटीला सायकलवर जात असे. त्या दिवसांत अनेक घरांत झाले तेच आमच्या घरी झाले. चेहरा नीट पाहता आला नाही, खांदा देता आला नाही, पुण्यानुमोदनाला घरातली चार माणसे. वहिनींची आई नांदेडला असते. त्या म्हाताऱ्या माउलीला येता आले नाही. दादाचा मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा होता. तो रडला नाही. बोलणेही थांबले. अभ्यासाचे पुस्तक उघडे ठेवून तासन्‌तास बसायचा.

त्या वर्षी डिसेंबरमध्ये मी रजा काढली आणि त्याला म्हटले, "चल, आजीला भेटून येऊ. सायकलवर जाऊ." एसटीचा संप चालू होता, त्यामुळे वाटेत लोकांना आमच्या सायकलींचे फारसे नवल वाटले नाही. त्याने वडिलांची साधी काळी सायकल घेतली. सीट त्याला थोडी उंच पडत होती. ती खाली करू दे म्हटले तर "राहू द्या काका" एवढेच म्हणाला. गोदावरी जिथे उगम पावते तिथून निघायचे आणि नदीच्या संगतीने नांदेडला जायचे असे ठरवले. त्र्यंबकहून नाशिकमार्गे निफाड, तिथून येवला, कोपरगाव, पुणतांबे, श्रीरामपूर, नेवासे, शेवगाव, पैठण, शहागड, माजलगाव, पाथरी, परभणी आणि नांदेड. आठ दिवस लागले. अंतर पाचशे किलोमीटरहून अधिक झाले.

पहिले दोन दिवस तो माझ्यापुढे पन्नास पावले राहिला. मीही बोलायला गेलो नाही. अंजनेरीचा डोंगर मागे पडला, निफाडच्या द्राक्षबागा गेल्या, येवल्याला मुक्तिभूमीवर आम्ही वंदन केले. तिसऱ्या दिवशी उसाच्या पट्ट्यात लागलो. गळीत हंगाम होता, रस्त्याने उसाने भरलेले ट्रॅक्टर आणि बैलगाड्या. पुणतांब्याच्या पुढे त्याच्या सायकलची चेन उतरली. मी उतरून मदतीला गेलो तर त्याने हात आडवा केला. काडी घेऊन चेन दातांवर चढवली, पायडल उलटे फिरवले, पुन्हा सुलटे. मग काळे झालेले हात तसेच धरून म्हणाला, "पप्पांनी शिकवलं होतं." आणि आठ महिन्यांत पहिल्यांदा रडला. बांधावर एक शेतकरी बसला होता. त्याने काही विचारले नाही. कळशीतले पाणी आणून त्याच्या हातांवर ओतले. मग स्वतःच म्हणाला, "आमचा धाकटा बी त्याच महिन्यात गेला."

किसा गौतमीला जे प्रत्येक दारात ऐकू आले, ते आम्हाला श्रीरामपूरच्या रस्त्यावर ऐकू आले. पुढे चहाच्या टपरीवर, पंक्चरच्या दुकानात, मुक्कामाच्या ठिकाणी, जिथे विचारपूस झाली तिथे कुणा ना कुणाच्या घरचा माणूस निघाला. घरात बसलेल्या मुलाला वाटत होते की हे आपल्यावरच आले. वाटेवर त्याला मोजणी कळली.

नांदेडला आजीने त्याला दारातच धरले. किती वेळ ती दोघे तशीच उभी होती हे मी सांगू शकत नाही. एवढे सांगतो, की जो निरोप एप्रिलमध्ये राहून गेला होता तो त्या ओट्यावर झाला.

मित्रांनो, सायकलने दुःख बरे होते असे मी म्हणत नाही. ती औषध नाही. मग ती काय करते? माझ्या अनुभवाने चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट. दुःखी माणसाला दिवस पुरा करणे अवघड जाते. सायकलवर दिवसाला हद्द असते. आज नेवासे गाठायचे, एवढेच काम. पुढच्या आयुष्याचा विचार उद्यावर टाकता येतो.

दुसरी गोष्ट. भूक आणि झोप या दोन्ही गोष्टी शोकात पळून जातात. साठ-सत्तर किलोमीटर पायडल मारल्यावर त्या आपल्या पायांनी परत येतात.

तिसरी गोष्ट. समोरासमोर बसून जे बोलता येत नाही, ते शेजारी चालताना बोलता येते. नजर रस्त्यावर असते, म्हणून जीभ सुटते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दुःखाची जागा आणि कामाची जागा यांत माणसाचे जाणे-येणे चालू राहते. चढावर आठवण येते, उतारावर ब्रेक सांभाळावा लागतो. मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट या अभ्यासकांनी १९९९ साली हेच मांडले, की शोकातला माणूस कधी गेलेल्या माणसाकडे वळतो, कधी उरलेल्या संसाराकडे, आणि हे हेलकावे असणे हेच सुदृढ लक्षण आहे. आपल्यासमोर तर याहून मोठे उदाहरण आहे. माता रमाई २७ मे १९३५ रोजी गेल्या. बाबासाहेबांनी त्याआधी चार अपत्यांचा वियोग सोसला होता. आणि १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, पाच महिनेही पुरे झाले नसताना, याच जिल्ह्यात येवल्याला ते उभे राहिले आणि धर्मांतराची घोषणा केली. दुःख संपल्यावर काम करू असे ते म्हणाले नाहीत.

आता काही व्यवहाराच्या सूचना, विशेषतः विद्यार्थ्यांसाठी. शोकात असलेल्याने अशा प्रवासाला एकट्याने निघू नये. सोबती असा असावा ज्याला गप्प राहता येते. दिवसाचे अंतर आपल्या नेहमीच्या ताकदीपेक्षा कमी ठेवावे. डोळे भरून आले की सायकल रस्त्याच्या खाली घ्यावी; धूसर दिसणारा रस्ता आणि उसाचा ट्रॅक्टर यांचा मेळ बसत नाही. अंधार पडण्यापूर्वी मुक्काम गाठावा, कारण संध्याकाळची वेळ मनाला सर्वांत जड जाते. त्या वेळी हातात पाण्याचा तांब्या आणि समोर माणसे असावीत. भूक नसली तरी ठरल्या वेळी खावे. रोज रात्री घरी फोन करावा, कारण मागे राहिलेलेही शोकातच असतात. पंप, जादा ट्यूब, पान्हा आणि पंक्चरचे सामान बरोबर असावे.

आणि एक गंभीर गोष्ट. काही जणांचे दुःख वर्ष उलटले तरी तसूभर हलत नाही. जेवण, झोप, कामधंदा सारे बंद पडते, जगणे नकोसे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचीत अशा लांबलेल्या शोकाची आजार म्हणून नोंद आहे. तिथे सायकल पुरत नाही, डॉक्टर लागतो. त्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारची टेली-मानस ही विनामूल्य सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या क्रमांकावर मराठीतही बोलता येते. हा क्रमांक आपल्या विहाराच्या फलकावर मोठ्या अक्षरात लिहावा अशी माझी विनंती आहे.

शेवटी संस्थेपुढे एक प्रस्ताव ठेवतो. आपल्या वस्तीत बाप गेला की मुलाचे शिक्षण सुटते, आणि कधी कधी त्याच्या हाती बाटली येते. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. पुण्यानुमोदनाला आपण शंभर माणसे जमतो. त्यापुढच्या तीन महिन्यांसाठी आपण दोन माणसे नेमू. त्यांनी आठवड्यातून एकदा त्या घरी जावे, उपदेश करू नये, त्या मुलाला किंवा मुलीला घेऊन बाहेर पडावे. पायी जा, सायकलवर जा. अंजनेरीपर्यंत जाऊन या. यासाठी संस्थेने दोन सायकली घ्याव्यात. पहिल्या सायकलची रक्कम मी आज कार्यवाहांकडे देत आहे. दुसरीची जबाबदारी आपल्यापैकी कुणीतरी घ्यावी.

माझा पुतण्या आता पदवीच्या परीक्षेला बसला आहे. नेमले तर पहिल्या घरी मी जाईन असे त्याने मला सांगून ठेवले आहे. त्याच्या शब्दावर विसंबून मी हा प्रस्ताव आपल्यापुढे मांडतो आणि आपली रजा घेतो.

जयभीम.