संमोहनतज्ज्ञ निवडताना

माझी धाकटी बहीण लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही. नवीन ऑफिस अकराव्या मजल्यावर आहे. ती म्हणाली, "दादा, संमोहन करून बघायचंय." म्हणून हा शोध.

आपल्याकडे संमोहनासाठी वेगळा सरकारी परवाना नाही. वीकेंड कोर्स करूनही कुणी पाटी लावतं. त्यामुळे भिंतीवरची संमोहनाची सर्टिफिकेटं बाजूला ठेवा, मूळ शिक्षण बघा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट असेल तर भारतीय पुनर्वास परिषदेची म्हणजे आरसीआयची नोंदणी, मानसोपचारतज्ज्ञ असेल तर मेडिकल कौन्सिलची. नंबर सरळ मागायचा, लाजायचं काय त्यात?

मग मी फोनवर विचारायचो, "संमोहनाशिवाय या भीतीवर तुम्ही काय करता?" एकाने एका सिटिंगची गॅरंटी दिली. दुसरे तिला थेट मागच्या जन्मात न्यायला निघाले! संमोहनात 'आठवलेलं' मनाने रचलेलंही असू शकतं, हे त्यांना कोण सांगणार. तिसऱ्या बाईंनी आधी विचारलं: फिट येतात का, औषधं कोणती, झोप कशी? आणि लिफ्टची सवय हळूहळू करावीच लागेल, हेही सांगितलं. नोंदणी तपासली, आहे.

शुक्रवारी पहिली भेट. बाईंचा आवाज बहिणीला पटला नाही तर दुसरं कुणी शोधू. डोळे तिला मिटायचेत, मला नाही.