सापडलेली वस्तू

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात कळंबोली येथे केलेले भाषण)



कार्यकारी मंडळाने मला दोन शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा विषय कोणता घ्यावा हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला. मी वकील नव्हे आणि विद्वान तर नव्हेच. मॅट्रिक झाल्यावर अध्यापनाचे शिक्षण घेतले आणि चौतीस वर्षे प्राथमिक शाळेत खडू झिजवला, एवढीच माझी शिदोरी. हुंडा, व्यसने, उच्च शिक्षण या विषयांवर याच व्यासपीठावरून माझ्याहून अधिकारी वक्ते बोलून गेलेले आहेत. यास्तव ज्यावर सहसा कोणी बोलत नाही, असा एक लहानसा विषय मी घेतो. रस्त्यात सापडलेली वस्तू घरी नेली, तर पुढे काय होते?

हा विषय मला सुचला तो एका मातेच्या डोळ्यांतील पाण्यामुळे. गेल्या वर्षी आपल्याच ज्ञातीतील एक भगिनी सायंकाळी माझ्या दारी आली. तिचा मुलगा एकवीस वर्षांचा, माझा जुना विद्यार्थी. वर्गात कोणाच्या पेन्सिलीलाही हात न लावणारा. त्याला रात्री घरी येताना महामार्गाच्या पुलाखाली, गाड्यांच्या थांब्यापाशी, एक मोबाईल फोन सापडला. आपले कळंबोली हे वाटसरूंचे गाव आहे. एका अंगाला लोखंड बाजार, दुसऱ्या अंगाला शीव-पनवेल महामार्ग, आणि पुण्याला जाणारा द्रुतगती मार्ग येथूनच सुरू होतो. रात्री घाटावर आणि कोकणात जाणारी माणसे बोचकी, पिशव्या, पोरेबाळे घेऊन रस्त्याच्या कडेला उभी असतात. गाडी आली की एकच धावपळ. अशा ठिकाणी वस्तू पडणार नाही तर काय होणार?

मुलाने फोन उचलला. उचलण्यात काही पाप नव्हते. थोड्या वेळाने तो वाजला. मुलाने तो कापला. पुन्हा वाजला, पुन्हा कापला, आणि शेवटी बंदच करून टाकला. घरी गेल्यावर आतले सिमकार्ड काढून फेकले. दोन महिने फोन कपाटात राहिला. मग स्वतःचा फोन बिघडला म्हणून त्याने त्यात आपले कार्ड घातले, आणि काही दिवसांतच पोलिसांचे बोलावणे आले.

वडील मंडळींना याचे आश्चर्य वाटेल, म्हणून सांगतो. प्रत्येक मोबाईलला पंधरा आकडी क्रमांक असतो, त्याला आयएमईआय म्हणतात. कार्ड बदलले तरी तो क्रमांक बदलत नाही. हरवलेल्या फोनचा हा क्रमांक नोंदवून तो फोन सर्व कंपन्यांच्या जाळ्यात बंद करण्याची सरकारी व्यवस्था २०१९ साली प्रथम आपल्या महाराष्ट्रात प्रयोगादाखल सुरू झाली, आणि मे २०२३ मध्ये ‘संचार साथी’ या नावाने साऱ्या देशाला खुली झाली. हरवलेल्या फोनमध्ये कोणी दुसरे कार्ड घातले की त्याचा माग लागतो. मुलगा बिचारा समजत होता की कार्ड फेकले म्हणजे मालकही नाहीसा झाला.

मालक होता लोखंड बाजारात माल आणणारा एक ट्रकचालक. फोन हप्त्याने घेतलेला. फोन गेल्यावरही हप्ते चालूच होते.

“गुरुजी, त्याने चोरी केली नाही हो, त्याला सापडला,” असे ती माता पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिचे म्हणणे खरे होते. तथापि आपल्या समाजात एक समजूत खोल रुजलेली आहे, की जे सापडले ते आपले. घरी चालून आलेल्या लक्ष्मीला पाठ दाखवू नये. काही धर्मभीरू मंडळी तर सापडलेल्या पैशातला थोडा भाग देवळाच्या पेटीत टाकतात आणि उरलेला निःशंक मनाने खर्च करतात. देव त्या वाटणीला काय म्हणतो ते मला ठाऊक नाही. कायदा मात्र ती मानीत नाही.

कायद्याचे म्हणणे मी एका वकील मित्रापाशी बसून समजावून घेतले. १८६० च्या भारतीय दंडसंहितेत ४०३ वे कलम होते, मालमत्तेचा अप्रामाणिकपणे अपहार करण्याविषयीचे. त्याखाली सापडलेल्या वस्तूसंबंधी मुद्दाम खुलासा जोडलेला आहे, आणि तो मोठा समंजस आहे. वस्तू सांभाळण्यासाठी किंवा मालकाला परत करण्यासाठी उचलली तर गुन्हा नाही. पण मालक कोण हे ठाऊक असताना, किंवा त्याला शोधण्याचे साधन हाती असताना, ती स्वतःची म्हणून वापरली, तर तो गुन्हा. वाजवी प्रयत्नाने शोध घेतला पाहिजे आणि वाजवी काळ वाट पाहिली पाहिजे. वाजवी म्हणजे किती, हे त्या त्या प्रकरणातील वस्तुस्थितीवरून ठरते. उदाहरणेही तेथेच दिली आहेत. हमरस्त्यावर पडलेला रुपया, ज्याचा मालक कोण याचा थांगपत्ता नाही, तो उचलणाराला दोष नाही. मौल्यवान अंगठी सापडली आणि मालकाचा शोध न करता लागलीच विकली, तर दोष आहे.

आता तरुणांनी इकडे नीट लक्ष द्यावे. १ जुलै २०२४ पासून दंडसंहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि हेच कलम ३१४ वे झाले. पूर्वी शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही अशी होती. म्हणजे न्यायाधीशाला नुसता दंड करून सोडता येत असे. नव्या कलमात ‘किंवा’ गेला आणि ‘आणि’ आला. गुन्हा शाबीत झाला तर कैद सहा महिन्यांहून कमी देता येत नाही, जास्तीत जास्त दोन वर्षे, आणि वर दंड. व्याकरण शिकवताना उभयान्वयी अव्यये मुलांना कंटाळवाणी वाटत. एका अव्ययाने माणूस तुरुंगात जातो हे तेव्हा मलाही सांगता आले नसते.

मुलाच्या वकिलाने आधी त्या रुपयाच्या उदाहरणाचा आधार घेण्याचा विचार केला. जुन्या निवाड्यांतही असे एक प्रकरण आहे. १८९३ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे एका आरोपीचा खटला आला. त्याला मोकळ्या जागेत सोन्याची मोहोर सापडली आणि दुसऱ्या दिवशी ती त्याने सराफाला विकली. न्यायालयाने त्याला दोषी धरले नाही. मोहोर कोणाची, ती कशी पडली, मालकाने तिची आशा सोडली होती की काय, याचा काहीच पुरावा नव्हता. पण मोहोर वाजत नाही, फोन वाजतो! मालक स्वतः दोनदा हाक मारत होता आणि मुलाने ती हाक ऐकून बंद केली. तेथे त्याचा सारा बचाव ढासळला.

प्रकरण कसे मिटले ते सांगून टाकतो, म्हणजे तुमचा जीव टांगणीला राहणार नाही. या गुन्ह्यात वस्तूच्या मालकाला तडजोड करण्याची मुभा आहे. मुलगा आणि त्याची आई त्या चालकाकडे गेली, फोन परत मिळाला, हप्त्यांची रक्कम भरून दिली, आणि त्या भल्या माणसाने मन मोठे केले. पण मधले चार महिने त्या घरात कोणी सुखाने जेवले नाही. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी आपल्या शेजारच्या विमानतळाचे उद्घाटन झाले आहे. आपली कितीतरी मुले तेथे नोकरीची आस धरून आहेत, कितीतरी पोलीस भरतीची तयारी करीत आहेत. या साऱ्या ठिकाणी चारित्र्याची पडताळणी होते. तीन हजारांच्या जुन्या फोनापायी काय पणाला लागले होते ते पाहा.

सापडण्याचा मोह मोबाईलपुरताच नाही. आपल्यापैकी पुष्कळांची गावाकडे जुनी घरे आहेत आणि ती पाडून नवी बांधण्याचा हंगाम चालू आहे. द्रुतगती मार्गाने गेले तर दोनेक तासांवर पिंपरी-चिंचवड. तेथे चिखली येथे बांधकामाच्या मातीत मजुरी करणाऱ्या कुटुंबाला सोन्याची नाणी सापडली. त्यांनी ती कोणाला न सांगता घरी ठेवली. डिसेंबर २०२१ मध्ये पोलिसांनी ती ताब्यात घेतली, तेव्हा मोजली तर २१६ भरली. वजन दोन किलोंहून अधिक, काळ अठराव्या शतकाचा पूर्वार्ध. त्या माणसांची मला कीव येते. कारण १८७८ चा निखात निधीचा, म्हणजे जमिनीत पुरलेल्या धनाचा, कायदा सापडणाराच्या वाईटावर नाही. दहा रुपयांहून अधिक किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे, असे तो सांगतो. ठेवा बेवारस ठरला, जागामालकाशी वेगळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाराचा आणि एक चतुर्थांश जागामालकाचा. पण लपवला तर तोच वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही होऊ शकते. जे सांगितल्याने मिळाले असते ते लपवल्याने जाते.

आपल्या पूर्वजांनाही हे ठाऊक होते. गौतमाच्या धर्मसूत्रात सापडलेले द्रव्य राजाला कळवावे, राजाने दवंडी पिटून ते वर्षभर राखावे आणि नंतर चौथा हिस्सा सापडणाराला द्यावा, असे आहे. मनुस्मृतीत ही मुदत तीन वर्षांची आहे. म्हणजे विलायती कायद्याने हे आपल्यावर लादले, अशी तक्रार करण्यास जागा नाही.

आता मला एक कबुली द्यायची आहे. ती दिल्यावाचून मुलाची गोष्ट सांगण्याचा मला अधिकार नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी, मी नोकरीत असताना, एस. टी. च्या बाकाच्या फटीत मला एक कापडी कसा सापडला. आत सोन्याच्या दोन पाटल्या आणि एका सोनाराची घडी घातलेली पावती. गाडी सुटण्याच्या बेतात होती, वाहक खाली उतरलेला. मी कसा पिशवीत टाकला आणि घरी आलो. मनात कपट नव्हते, हे मी आजही देवासमोर सांगेन. रविवारी सोनाराकडे जाऊ, असे पत्नीला म्हणालो. तिने कसा तांदळाच्या डब्यामागे ठेवला. रविवारी पाहुणे आले. पुढच्या आठवड्यात परीक्षेचे गठ्ठे आले. सोनाराच्या दुकानात मी पोहोचलो तो अकराव्या दिवशी.

सोनाराने माझ्याकडे पाहिले आणि काही न बोलता मालकाच्या घरी निरोप पाठवला. तेथून माणसे आली, त्यांच्यामागून पोलीस आले. त्यांनी तक्रार दिलेली होती. जमादाराने शांतपणे विचारले, “गुरुजी, अकरा दिवस पाटल्या कुठे होत्या?” मला उत्तर देता येईना. तांदळाच्या डब्यामागे, हे उत्तर आहे काय? पावती हाती होती, म्हणजे मालक शोधण्याचे साधन हाती होते. मी कोणाला सांगितले नव्हते, कोठे लिहून दिले नव्हते. माझ्या सचोटीला साक्षीदार एकच, माझी पत्नी. मुख्याध्यापक येऊन माझ्याविषयी चार शब्द बोलले म्हणून जबाब लिहून घेण्यावर निभावले.

परंतु खरा घाव तो नव्हता. त्या अकरा दिवसांत त्या घरातील धाकट्या सुनेवर आळ आला होता. पाटल्या तिनेच माहेरी पोहोचवल्या, असे सासू म्हणाली आणि तिला माहेरी धाडून दिले. पाटल्या मिळाल्यावर तिला परत आणले, असे मला कळले. ती कोणत्या मनाने परत आली असेल, ते मला कोणी सांगितले नाही आणि विचारण्याचे धैर्यही मला झाले नाही.

म्हणून सांगतो, वस्तू सापडली की त्याच दिवशी हालचाल करा. गाडीत सापडली तर वाहकाला, रेल्वेत सापडली तर स्टेशनमास्तरांना द्या, आणि दिल्याचे कागदावर घ्या. रस्त्यात सापडली तर पोलीस ठाण्यात न्या. बेवारस वस्तू ताब्यात घेणे हे १९५१ च्या पोलीस कायद्याने त्यांचे कामच आहे. ठाण्याची पायरी चढण्याची भीती वाटते हे मी जाणतो. एकट्याने जाऊ नका, शेजाऱ्याला न्या, मंडळाच्या कार्यवाहांना न्या, मला हाक मारा. फोन सापडला तर बंद करू नका. वाजू द्या, आणि वाजला की उचला. पाकिटात काय होते ते चारचौघांत मोजून लिहून ठेवा. आणि संकोच नको म्हणून हेही सांगतो, की १८७२ च्या करार कायद्याने वस्तू सांभाळण्यासाठी आणि मालक शोधण्यासाठी झालेला खर्च मिळेपर्यंत ती ताब्यात ठेवण्याचा हक्क तुम्हाला आहे, आणि मालकाने बक्षीस जाहीर केले असेल तर तेही मागता येते. मात्र तोवर ती दुसऱ्याची ठेव समजून आपल्या वस्तूसारखी जपली पाहिजे. जपानात तर मालकाने सापडणाराला किमतीच्या शेकडा पाच ते वीस द्यावे, असा कायदाच आहे. आपल्याकडे चहा पाजतात, तोही गोड असतो.

माझा वेळ संपत आला, अध्यक्षमहाराज घड्याळाकडे पाहत आहेत. जाता जाता एक निवेदन कार्यवाहांनी माझ्याकडे दिले आहे. आज दुपारी भोजनाच्या पंगतीत वाढणाऱ्या एका मुलाला एक दागिना सापडला. त्याने तो त्याच क्षणी कार्यवाहांच्या हाती दिला आणि तशी नोंद वहीत झाली आहे. दागिना कोणता, कसा आहे, हे मी मुद्दामच सांगत नाही. ज्या भगिनीचा असेल तिने कार्यालयात येऊन खूण सांगावी आणि सही करून घेऊन जावा.