अर्ध्या टक्क्याची वर्गणी



आम्ही कारखान्यांच्या दारांत उभे राहून वर्गणी गोळा करीत आलो. पगाराचा दिवस असतो, पावतीपुस्तक काखेत असते, आणि समोरून येणारा माणूस म्हणतो, "पुढच्या महिन्यात देतो." पुढे कामगाराच्या लेखी संमतीने वर्गणी पगारातूनच कापून घेण्याची सोय कित्येक ठिकाणी झाली. तिला आम्ही 'चेक-ऑफ' म्हणतो. अमेरिकेतल्या सोयाबीन पिकवणाऱ्या शेतकऱ्यांचाही 'चेक-ऑफ' आहे, असे वाचले तेव्हा आम्ही सावरून बसलो. हा आपल्याच धंद्यातला शब्द! त्याची हकीकत आज आपल्यापुढे ठेवावयाची आहे.

अमेरिकेत 1990 साली सोयाबीनच्या प्रसारासाठी व संशोधनासाठी एक कायदा झाला. 1 सप्टेंबर 1991 पासून वसुली सुरू झाली. रीत अशी की, शेतकऱ्याने माल विकला की पहिला खरेदीदार किमतीतून अर्धा टक्का कापून घेतो. त्यातला निम्मा पैसा त्या राज्याच्या सोयाबीन मंडळाकडे राहतो आणि निम्मा युनायटेड सोयबीन बोर्ड या राष्ट्रीय मंडळाकडे जातो. तिकडे माल बुशेलने मोजतात. सोयाबीनचा बुशेल म्हणजे सुमारे 27 किलो. बुशेलला दहा डॉलर भाव आला तर शेतकऱ्याचे पाच सेंट जातात. एकाला ही रक्कम जाणवत नाही, पण लाखो शेतकऱ्यांचे थेंब साचले की तळे होते.

आता कोणी विचारील, हे सक्तीने कशाला? त्याचे उत्तर आम्हांला कारखान्यातच मिळाले आहे. एका शेतकऱ्याचे सोयाबीन दुसऱ्याच्या सोयाबीनसारखेच. एकट्याने पदरमोड करून नवा उपयोग शोधला तरी फायदा साऱ्या शिवाराला होणार. मग जो तो म्हणतो, शेजाऱ्याने द्यावे. वर्गणी न भरता पगारवाढ मात्र घेणारा गडी आम्ही पुष्कळ पाहिला आहे!

या पैशाने काय झाले? सोयाबीन गाळले की पेंड जास्त निघते आणि तेल कमी. पेंड कोंबड्या-डुकरे खातात, पण तेलाला गिऱ्हाईक शोधावे लागते. 1992 साली राज्यमंडळांनी मिळून सोयाबीन तेलाच्या डिझेलसाठी वेगळी संस्था काढली. पुढे फोर्ड कंपनीने मोटारीच्या बैठकीच्या फोमात आणि 2017 साली गुडइयरने टायरमध्ये हे तेल वापरले. दोन्ही कामांना शेतकऱ्यांच्या निधीचा हातभार होता. 2006 पासून अमेरिकेत खाद्यपदार्थांच्या वेष्टनावर ट्रान्स फॅटचे प्रमाण छापणे सक्तीचे झाले, आणि घट्ट केलेल्या सोयाबीन तेलाचे गिऱ्हाईक तुटू लागले. तेव्हा तळणात टिकेल असे तेल देणाऱ्या नव्या वाणांवर याच निधीने पैसा लावला. संकट आल्यावर रडत न बसता बियाण्यापासून हात घालणे, हे संघटनेचे बळ आहे.

पण नाण्याची दुसरी बाजूही पाहू. 2018 च्या जुलैत चीनने अमेरिकन सोयाबीनवर 25 टक्के जकात बसवली. 2017 साली चीनला सुमारे 12 अब्ज डॉलरचा माल गेला होता, तो 2018 साली सुमारे 3 अब्जांवर आला. हे भांडण दोन सरकारांचे होते. शेतकऱ्यांच्या निधीला त्यात तोंड घालता येईना, कारण सरकारी धोरणावर दबाव आणण्यासाठी हा पैसा वापरण्यास कायद्यानेच मनाई आहे. नवी बाजारपेठ शोधता येते, पण आपल्याच सरकारला जाब विचारता येत नाही. त्यासाठी 1920 साली स्थापन झालेली अमेरिकन सोयबीन असोसिएशन आहे. तिची वर्गणी ऐच्छिक आहे. सक्तीची थैली बाजारासाठी आणि खुशीची थैली झगड्यासाठी, असा हा संसार आहे.

मग या सक्तीच्या थैलीचा मालक कोण? 1994 साली शेतकऱ्यांचे मतदान झाले आणि निम्म्याहून थोड्या अधिकांनी होकार दिला. आरंभी कापलेला पैसा परत मागता येत असे. ती सोय 1995 साली संपली. राष्ट्रीय मंडळावर शेतकरीच बसतात, पण राज्यांनी सुचवलेल्या नावांवर नेमणुकीची मोहोर कृषिमंत्री उठवतो. गोमांसाच्या अशाच निधीचा दावा त्यांच्या सर्वोच्च न्यायालयात गेला होता. आम्हांला न पटणाऱ्या जाहिराती आमच्या पैशाने का, असे पशुपालक विचारीत होते. 2005 साली न्यायालयाने सांगितले की, ते बोलणे सरकारचे आहे, म्हणून सक्ती चालेल. त्याच न्यायालयाने 2018 साली ठरवले की, सभासद नसलेल्या सरकारी नोकराकडून युनियनने सक्तीने पैसा घेता कामा नये. म्हणजे पैसा कष्टकऱ्याचा आणि आवाज सरकारचा असेल तर सक्ती चालते. आवाजही कष्टकऱ्याचाच असेल तर मात्र चालत नाही! आम्ही कायदेपंडित नाही, पण हे कोडे आम्हांला अजून सुटलेले नाही.

लातूर-अकोल्याकडच्या मित्रांना आम्ही हे सांगतो तेव्हा ते विचारतात, आपल्याकडे असे का नको? हिशेब मांडू. 2024 च्या हंगामात हमीभाव 4,892 रुपये होता आणि कित्येक बाजारांत माल त्याखाली विकला गेला. 4,500 चा भाव धरला तर अर्धा टक्का म्हणजे क्विंटलला साडेबावीस रुपये. ज्याला हमीभावच मिळाला नाही, त्याने हे का द्यावेत?

आमचे उत्तर असे की, त्याने द्यावेत. पण मंडळावरचा माणूस त्याच्या मताने निवडलेला असावा, जमाखर्च गावच्या चावडीवर वाचला जावा, आणि काम पटले नाही तर कापणी थांबवण्याचा हक्क त्याच्याकडे असावा. वर्गणीपेक्षा पावती मोठी असते. पावती हातात असलेला माणूस उद्या सभेत उभा राहून हिशेब मागू शकतो. तो मागील, तेव्हाच त्या पैशाला संघटना म्हणता येईल. तोवर तो नुसता कर आहे.