खर्ज सांभाळा, मग खरखर

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणाऱ्याकडे सहसा कुणाचे लक्ष नसते. गाणाऱ्याला टाळ्या, ढोलकीवाल्याला शिट्ट्या. आमचा आवाज गेला, की मात्र काहीतरी हरवल्याचे सगळ्यांना कळते. मला हे एका गणेशोत्सवात, साऱ्या गल्लीसमोर कळले.

तेव्हा आपल्या शहराचे नाव औरंगाबाद होते. मी नुकताच नोकरीला लागलो होतो. पहिल्या पगारातून मुंबईहून एक डिस्टॉर्शन पेडल आणले. पेडल म्हणजे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर यांच्यामध्ये जोडायची, पायाने दाबायची छोटी डबी. घरी वाजवले तर आवाज असा गुरगुरला, की शेजारच्या काकू विचारायला आल्या. मी खूश!

कार्यक्रमात जोशाच्या गाण्याला मी डबी दाबली आणि खालचा आवाजच नाहीसा झाला. गाणाऱ्या मुलीचा तो पहिलाच कार्यक्रम. खालचा आधार सुटला, तशी ती सुरावरून घसरली. नंतर ती स्टेजमागे बसून रडली. चूक तिची नव्हती, माझी होती. पण हे तिला सांगायला मला आठवडा लागला. आमचे पेटीवाले काका त्या रात्री एवढेच म्हणाले, "बाळा, तू वाजवत होतास ना? मग खाली सगळं मोकळं का वाटत होतं?"

मोकळे का वाटले, ते सांगतो. बेसची सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ कंपने करते. साध्या गिटारची ८२. माझे पेडल साध्या गिटारसाठी केलेले होते. अशी पुष्कळ पेडल खालचा आवाज मुद्दाम छाटतात, कारण ती जागा बेससाठी मोकळी ठेवायची असते. मी बेसलाच ते लावले. म्हणजे घराचा पाया काढून वर गच्ची बांधली!

पेडल करते काय? आवाजाच्या लाटेचे शेंडे कापते. हळुवार कापले तर ओव्हरड्राइव्ह, सपाट कापले तर डिस्टॉर्शन. कापल्याने मूळ सुराच्या वरचे नवे सूर उमटतात आणि आवाजाला धार येते. छोट्या रेडिओच्या स्पीकरमधून खर्ज नीट निघत नाही. पण हे वरचे सूर ऐकून आपला कान खालचा सूर मनात भरून घेतो. म्हणून बेसला थोडी खरखर उपकारकच.

गंमत म्हणजे खरखरीचा एक गाजलेला जन्म बेसवरच झाला. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स यांच्या गाण्यासाठी ग्रेडी मार्टिन सहा तारांचा बेस वाजवत होते. मिक्सरमध्ये बिघाड झाला आणि आवाज फाटला. तो तसाच ठेवला. १९६१ साली गाणे गाजले आणि १९६२ मध्ये तसा आवाज काढणारे माएस्ट्रो फझ-टोन हे पेडल आले. पुढे १९६५ मध्ये बीटल्सच्या एका गाण्यात पॉल मॅकार्टनी यांनी साधा बेस आणि फाटका बेस असे दोन्ही वाजवले. खाली पाया, वर धार.

हे आपल्याला नवे नाही. काकांनी मला तंबोरा दाखवला. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुती दोरा असतो. तो किंचित सरकवला की जवारी लागते, तार झणझणते, पण षड्ज ढळत नाही. "तुझ्या डबीत दोरा कुठाय?" त्यांनी विचारले.

तो 'दोरा' म्हणजे ब्लेंड किंवा बॅलन्स नावाचे बटण. त्याने मूळ स्वच्छ आवाज आणि फाटका आवाज हवे तसे मिसळता येतात. बेससाठीच्या बॉस ओडीबी-३ या पेडलवर ते आहे. दुकानात आधी हे बटण शोधा. ते नसेल, तर जाड तार वाजवून पेडल चालू-बंद करा. खालचा आवाज बारीक झाला तर डबी परत ठेवा. चालू आणि बंद आवाज सारखाच मोठा ठेवा, नाहीतर मोठा तोच चांगला वाटतो. एकदा हळू, एकदा जोरात वाजवा. बोटांचा फरक ऐकू आला पाहिजे. पेडलवर लिहिलेले व्होल्टेज आणि धन-ऋण पाहूनच अ‍ॅडॉप्टर लावा. कीबोर्डचा हाताशी आहे म्हणून जोडू नका.

आणि शेवटचा निकाल दुकानात लावू नका. ढोलकी, कीबोर्ड आणि गाणारा माणूस सोबत असताना लावा. घरी एकट्याला गोड लागणारी खरखर चौघांत बेचव ठरते.

ती मुलगी आजही आमच्यासोबत गाते. कार्यक्रमाआधी माझ्या पायाकडे पाहून हसत विचारते, "दादा, आज दोरा लावलाय ना?" मी आधी जाड तार छेडतो, तिने मान डोलावली की मगच डबीवर पाय ठेवतो.