ताट सरकवणारं लेकरू
(विहाराच्या वर्धापनदिनी दिलेल्या व्याख्यानाचा सारांश)



आपल्या बापजाद्यांनी भाकरीसाठी गावभर हात पसरले. म्हणून घरातलं लेकरू भरलं ताट सरकवतं, तेव्हा ते आपल्याला उमगतच नाही. माय विनवते, “जेवी ले ना व माय!” बाप चिडतो, आजी दृष्ट काढते. पण काही किशोरवयीन मुलामुलींच्या बाबतीत तो हट्ट नसतो, आजार असतो. कोणी हाडं दिसू लागली तरी स्वतःला जाड समजतं. कोणी चोरून भरमसाट खातं आणि मग ओकारी काढतं. मुलींत हे जास्त आढळते, पण मुलगेही सुटलेले नाहीत. पाळी थांबते, नाडी मंदावते, प्रसंगी जीवही जातो.

यावर मुख्य उपचार बोलण्याचा आहे. लंडनच्या मॉड्स्ले रुग्णालयातील डॉक्टरांनी १९८७ साली दाखवून दिले की, लहान वयात नुकत्याच जडलेल्या उपासमारीच्या आजारात कुटुंबाला सोबत घेऊन केलेला उपचार अधिक गुणकारी ठरतो. त्यात आईबापाला दोषी धरत नाहीत. आजार वेगळा, लेकरू वेगळं, हे आधी समजावतात. सुरुवातीला समुपदेशकाच्या मदतीने जेवणाची जबाबदारी आईबाप घेतात. वजन सावरलं की ती हळूहळू मुलाकडे परत देतात. शेवटी त्याच्या मनातल्या इतर गोष्टींवर बोलणं होतं. याला महिने लागतात.

सिद्धार्थ गौतमाने देह झिजवून पाहिला. ज्ञान त्या मार्गाने मिळत नाही हे उमगल्यावर सुजाताची खीर स्वीकारली. देहाला छळणं हा धम्म नव्हे. आणि सम्यक वाचा फक्त विहारात नको, चुलीपाशीही हवी. ‘जाडी’, ‘सुकडी’, ‘हिला कोण पसंत करील’ हे शब्द आजपासून घरात बंद करा.

चक्कर, बेशुद्धी, सततची ओकारी असेल तर आधी दवाखाना गाठा. जळगाव आणि धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत मानसोपचाराची सोय आहे. २०२२ साली सुरू झालेल्या टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मोफत बोलता येतं. लाजू नका. तापाला औषध घेतो, तसंच हे.

लेकराला आधी विचारा, “तुला काय होतंय?” आणि मग गप्प बसून ऐका.

भवतु सब्ब मंगलं. जय भीम!