जुन्या रेडिओंतील कंडेन्सर

दिवाळीच्या साफसफाईंत माळ्यावरचा व्हॉल्व्हचा जुना रेडिओ खालीं येतो. धूळ पुसली जाते, आणि घरांतील एखादा उत्साही मुलगा ‘बोलतो का, पाहूं तरी’ म्हणून लगेच बटण दाबतो. अर्ध्या मिनिटांत तो बोलूंही लागतो! मंडळी खूष होतात. मग आवाज फाटूं लागतो, आणि चहा होईपर्यंत पेटींतून जळका वास येतो. लाउडस्पीकरला जोडलेला आउटपुट ट्रान्सफॉर्मर गेलेला असतो. माळ्यावर जें ५० वर्षें सुखरूप राहिलें, तें चहाच्या अवधींत गेलें.

या नाशाचें मूळ बहुधा बोटाएवढ्या एका नळींत असतें. तिला कारागीर कंडेन्सर म्हणतात. धातूच्या दोन वर्खांमध्यें कागद घालून केलेली, मेणांत भिजविलेली ती गुंडाळी असते. नादाचे चढउतार पलीकडे जाऊं द्यावे, परंतु विजेचा स्थिर दाब अडवावा, एवढेंच तिचें काम. कालांतरानें कागद दमट होतो, कोंकणपट्टीच्या पावसाळ्यांत तर विशेषच, आणि ही भिंत पाझरूं लागते.

किती थोडा पाझर पुरतो तें श्रोत्यांनीं पाहावें. पहिल्या व्हॉल्व्हच्या ॲनोडवर १०० व्होल्ट, पाझरणाऱ्या कंडेन्सरचा रोध १० मेगओहम आणि शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडचा रोध अर्धा मेगओहम, असें धरावें. ग्रिडवर जवळजवळ ५ व्होल्ट धन दाब येतो. ईएल ८४ या व्हॉल्व्हचें ग्रिड तर कॅथोडपेक्षां सुमारें ७ व्होल्ट ऋण असावें लागतें. लगामच सुटला! व्हॉल्व्ह भलताच प्रवाह ओढतो, आणि तो ट्रान्सफॉर्मरच्या केसासारख्या तारेंतून जातो.

साध्या ओहम-मीटरनें हा दोष सहसा सांपडत नाहीं. त्याची बॅटरी अवघी कांहीं व्होल्टांची. म्हणून हा एक कंडेन्सर न तपासतां बदलणें बरें. जुना ०.०१ मायक्रोफॅरॅडचा असेल तर त्याच मूल्याचा, ६३० व्होल्टांचा, पॉलिएस्टरचा घ्यावा. तो कांहीं रुपयांत मिळतो. त्या जातीच्या ट्रान्सफॉर्मरसाठीं मात्र बाजार पालथा घालावा लागतो.

रेडिओ सारखा गुणगुणतो तो बहुधा वीजपुरवठ्यांतील वाळलेल्या इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरांमुळें. ते बदलतांना धन-ऋण टोकें उलटीं लावूं नयेत, आणि मूळच्याहून फार मोठी क्षमताही घालूं नये. रेक्टिफायर व्हॉल्व्हला तो भार सोसत नाहीं. अभ्रकाचे कंडेन्सर बहुधा अजून चांगले असतात. त्यांना उगाच हात लावणारा मनुष्य सुरांत असलेला संच बेसूर करून बसतो.

वायर भिंतींतून काढल्यावरही कंडेन्सरांत भार राहतो. तो रोधामार्फत उतरविल्यावांचून आंत हात घालूं नये. एसी-डीसी संचांत तर सांगाड्यालाच वीज असूं शकते. तो जाणत्याकडेच न्यावा. पहिल्या चाचणीच्या वेळीं ६० वॉटचा तारेचा दिवा मालिकेंत जोडतात. दिवा भक्क पेटून तसाच राहिला, तर आंत अजून कांहीं चुकलेलें आहे.

कांहीं हौशी लोक जुन्या नळींतील गुंडाळी गरम करून काढतात, नवा इवलासा कंडेन्सर तिच्या पोटांत बसवितात व टोकें मेणानें बंद करितात. संच पूर्वींसारखाच दिसतो. पुढच्या कारागिराची फसगत होऊं नये म्हणून बदलाची तारीख लिहिलेली चिठ्ठी ते मागच्या पुठ्ठ्याला आंतून चिकटवून ठेवतात.