उंबऱ्यावरच्या चपला

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने आपल्याकडच्या जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना छावण्यांत डांबले, हे आपण जाणताच. मला बोलायचे आहे ते अमेरिकेत मुळी राहतच नसलेल्या बंदिवानांविषयी. लॅटिन अमेरिकेतून, त्यातही मुख्यतः पेरूतून, जपानी वंशाची सुमारे २,२०० माणसे अमेरिकेने धरून आणवली. जपानशी कैद्यांची अदलाबदल करताना ती उपयोगी पडणार होती. त्यांचे पासपोर्ट काढून घेतले आणि त्यांना व्हिसा देऊ नयेत, असे वकिलातींना आधीच कळवले होते. युद्ध संपले आणि टेक्सासच्या छावण्यांतल्या या माणसांना सांगण्यात आले की तुम्ही कागदपत्रांविना, बेकायदा आला आहात. एखाद्याला शेजारच्या ओसरीवरून दंड धरून घरात आणावे, उंबऱ्यावर त्याच्या चपला काढून घ्याव्यात आणि मग अनवाणी का आलास म्हणून त्याला बाहेर काढावे, तसे हे झाले. परत जावे तर शेजाऱ्याचे दार बंद, कारण पेरूने मोजक्याच लोकांना परत घेतले. नऊशेहून अधिक जणांची रवानगी तिसऱ्याच घरी झाली, युद्धात होरपळलेल्या जपानला. पेरूत जन्मलेल्या मुलांनी ते घर कधी पाहिलेलेही नव्हते.

कोणी म्हणेल, व्हिसा नव्हता हे तर खरेच ना, मग कायदा दुसरे काय करणार? पण चपला कोणी काढून घेतल्या, हे आधी विचारायला हवे. मी पुन्हा सांगतो, ही माणसे आली नव्हती, आणली गेली होती. वेन कॉलिन्स या वकिलाने न्यायालयात हेच लावून धरले, म्हणून तीनशेहून अधिक जण अमेरिकेत राहू शकले. त्यांतले बरेच जण न्यू जर्सीत सीब्रुकच्या भाजी गोठवण्याच्या कारखान्यात राबले.

दुसरा आक्षेप असा की अमेरिकेच्या १९८८ च्या कायद्याने बंदिवानांना माफी आणि २०,००० डॉलर दिलेच की! दिले, पण बंदिवासाच्या काळात नागरिक किंवा कायदेशीर रहिवासी असलेल्यांना. म्हणजे चाळीस वर्षांनीही अनवाणीपणाच आडवा आला. १९९८ मध्ये तडजोड होऊन या आणलेल्या माणसांना ५,००० डॉलर आणि माफीपत्र देऊ केले गेले. एकाच कुंपणाआड राहिलेल्यांना चौपट फरकाने का मोजावे? काहींनी ती रक्कम नाकारली. त्यांतल्या शिबायामा बंधूंनी आंतर-अमेरिकी मानवाधिकार आयोगाकडे दाद मागितली. २०२० मध्ये आयोगाने त्यांच्या बाजूने कौल दिला, तोवर थोरला भाऊ हयात नव्हता.